तालीवरचा ट्रॅक्टर

आमची शेती तीन पायऱ्यांची. पुरंदर तालुक्यात डोंगराच्या पोटाला लागून जी गावं आहेत, तिथं बहुतेकांची अशीच. वर माळाची पट्टी, मध्ये विहिरीची पट्टी आणि खाली ओढ्याची पट्टी. दोन पट्ट्यांच्या मध्ये ताल. शहरातल्या माणसाला ताल दाखवली की तो म्हणतो, "म्हणजे बांधच की." पण बांध आणि ताल वेगळी. बांध हद्द दाखवतो, ताल माती धरून ठेवते. खालच्या अंगाला दगड रचलेले, त्यांच्या पाठीशी मातीचा भराव. वरून वाहून आलेली माती वर्षानुवर्षं तालीला येऊन टेकते आणि उताराची जमीन हळूहळू सपाट होत जाते. आमच्या दोन तालींपैकी एक कमरेइतकी, दुसरी पुरुषभर उंच.

त्यातली मोठी ताल माझ्या आजीच्या हातची. 1972 च्या दुष्काळात गावात दाणा नव्हता. सरकारी कामं निघाली होती. कुठं पाझर तलाव, कुठं रस्ता, कुठं खडी फोडणं. जमिनीला ताली घालायचं कामही त्यात होतं. मुळात 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यापासून बांधबंदिस्तीची योजना होतीच, पण माणसं तिच्यावर लोटली ती दुष्काळानं. आजी डोक्यावर पाटी घेऊन माती टाकायची, चुलते दगड रचायचे. खायला सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो. आजी पुढं कितीतरी वर्षं त्या तालीवरून जाताना एखादा निसटलेला दगड पायानं आत ढकलायची. देवाला हात जोडावा तशी ती तिची सवय होती.

त्याच दुष्काळानं आमच्या तालुक्याला विलासराव साळुंखे दिले. पुण्यातले कारखानदार, इंजिनीअर. नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी कसायला घेतली, तिच्यावर ताली घातल्या, पाणी अडवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. आमच्या भागातल्या माणसाला उतार, ताल आणि पाणी या तीन गोष्टींचं नातं कुणी शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टरचं आणि उताराचं नातं मात्र आम्ही उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत मोजून शिकलो.

आधी बैल होते. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. आबांकडं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमाराला बेळगावात पहिला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते या धास्तीनं शेतकरी त्याला हात लावीनात. पुढं 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर महाराष्ट्रभर गेला. नव्या अवजाराची भीती ही अशी जुनी आहे. पण आमच्या बाबतीत उलटं झालं. ट्रॅक्टर आला तेव्हा आम्हाला भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

आबा औत नेहमी उताराला आडवं धरायचे. उभं औत धरलं की प्रत्येक तास म्हणजे पाण्याला वाट, एका वळवात माती ओढ्याला. हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आडव्या औतात एक बैल वर, एक खाली. खालचा बैल तालीच्या कडेला आला की आपोआप अंग चोरायचा. एकदा पावसाळ्यात कुळव चालू असताना आमचा खिलाऱ्या कडेपासून चार हातांवर थबकला, काही केल्या पुढं पाऊल टाकीना. आबांनी आसूड उगारला नाही. पुढं जाऊन टाचेनं जमीन दाबली, तर खाली घुशीचं बीळ, आतून सगळं पोकळ. मला म्हणाले, "बघ, ह्याला चार पाय हायेत, पर पाचवं डोकं हाय."

आमच्या गावात पहिला ट्रॅक्टर सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला. देशात ट्रॅक्टर तयार व्हायला लागून तोवर वीस वर्षं होत आली होती. आयशरनं 1959 मध्ये फरिदाबादला सुरुवात केली, 1963 मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली, सत्तरच्या दशकात पिंजोरहून एचएमटी निघाला आणि 1974 मध्ये पंजाबातून स्वराज. भूविकास बँकेचं कर्ज काढून एका बागायतदारानं तो आणला. त्याच्या बॉनेटला हार, मडगार्डवर दोन्हीकडं पोरं. त्या मडगार्डवर बसायला मिळावं म्हणून आम्ही शाळा बुडवायचो. तिथून पडलं तर माणूस थेट मागच्या चाकाखाली जातो, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

त्याचा ड्रायव्हर आमच्या भावकीतलाच. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. हसतमुख माणूस, ट्रॅक्टरवर बसला की राजा. चारपाच वर्षांनी एका उन्हाळ्यात ओढ्याकाठचं बाभळीचं खोड उपटायचं निघालं. साखळी खोडाला बांधली आणि दुसरं टोक ट्रॅक्टरला, पण खालच्या हुकाला नाही, वर सीटच्या मागं. वरून ओढलं की खोड उचललं जाईल असा हिशोब. ट्रॅक्टरचं तोंड चढाकडं होतं. नानांनी गॅस दिला आणि क्लच एकदम सोडला. खोड हललं नाही. पुढची चाकं उचलली. पाहणारे सांगायचे की "अरे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रॅक्टर पालथा झाला होता. नाना त्याच्याखाली होते.

गावानं सांगितलं, बाभळीवर काहीतरी होतं. पुढं कितीतरी वर्षं त्या जागेवरून बायका पोरांना घेऊन जात नसत. मीही तेच धरून चाललो. खरं कारण कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

कारण अगदी साधं आहे. इंजिन मागच्या आखाला पीळ देतं आणि त्या पिळानं चाक फिरतं. पण चाकाला फिरता आलं नाही, ते रुतलं किंवा मागचं ओझं हललंच नाही, तर पीळ कुठंतरी जाणारच. मग चाकाभोवती ट्रॅक्टर फिरायला लागतो, म्हणजे पुढून उचलला जातो. तोंड चढाकडं असेल तर वजन आधीच मागं आलेलं असतं. साखळी आखाच्या वर बांधली असेल तर ती त्याला मागं खेचायलाच मदत करते. उलटायला लागतो जेमतेम दीड सेकंद, आणि त्यातल्या पहिल्या पाऊण सेकंदानंतर क्लच दाबूनही उपयोग नसतो. माणसाला काय होतंय हे कळेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो.

आणि हे आमच्या ओढ्याकाठी पहिल्यांदा घडलं नव्हतं. 1917 पासून अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टर निघाले, स्वस्त म्हणून खपले आणि असेच मागं पालथे होऊन माणसं मारायला लागले. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं त्यावर डोकं चालवलं. नांगर साखळीनं मागं ओढण्याऐवजी त्यानं तो तीन दांड्यांनी ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडला. दोन दांड्या खाली, एक वर. नांगराला अडथळा आला की वरची दांडी पुढं दाबते आणि पुढची चाकं जमिनीला धरून राहतात. 1936 मध्ये ती जोडणी असलेला त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरला मागं ज्या तीन दांड्या दिसतात, त्या त्याच्याच. नानांच्या ट्रॅक्टरलाही होत्या. त्या कशासाठी आहेत हे मात्र नानांना कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टर पोचता करायला आलेल्या माणसानं गिअर दाखवले, ऑइल कुठं बघायचं ते दाखवलं, पेढा खाल्ला आणि तो गेला.

नंतर काळ बदलला. बैलजोडी सांभाळणं परवडेना, गडी मिळेना. आमच्याकडं वाटाणा-बाजरीच्या जागी अंजीर, सीताफळ आलं. बागेच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही. म्हणून 2010 नंतर पंधरा-वीस एचपीचे छोटे ट्रॅक्टर गावागावांत दिसायला लागले. माझ्या थोरल्या चुलतभावानं, दादानं, असाच एक घेतला. खेळण्यासारखा दिसायचा. घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "ह्याला काय भ्यायचं, ह्यो तर वासरू हाय."

तिथंच आमची फसगत झाली. छोटा ट्रॅक्टर म्हणजे कमी धोका, असं डोळ्यांना वाटतं. पण बागेत शिरावा म्हणून तो अरुंद केलेला असतो, आणि अरुंद वस्तू आडवी लवकर होते. शिवाय त्याला चार चाकं असली तरी तो खऱ्या अर्थानं चार पायांवर उभा नसतो. पुढचा आख मधोमध एका खिळीवर डुलतो, म्हणून खाचखळग्यांत पुढची चाकं वरखाली होऊ शकतात. त्यामुळं ट्रॅक्टर उभा असतो तिवईसारखा, मागं दोन पाय, पुढं एक. तिवईवर बसून बाजूला वाकलं की काय होतं ते प्रत्येकानं लहानपणी पाहिलेलं आहे.

दादाच्या ट्रॅक्टरला सीटच्या मागं लोखंडी कमान होती. या कमानीचाही इतिहास आहे. स्वीडननं 1959 पासून नव्या ट्रॅक्टरला अशी संरक्षक चौकट सक्तीची केली. मग इतर देश त्या वाटेनं गेले आणि जिथं ती आली तिथं ट्रॅक्टर उलटून मरणारी माणसं कमी झाली. कमान असली की ट्रॅक्टर सहसा कुशीवर पडून अडतो, पुरता पालथा होत नाही. आणि पट्टा बांधलेला असेल तर माणूस कमानीच्या आत राहतो, बाहेर फेकला जाऊन तिच्याचखाली सापडत नाही. पण कमानीची एक अडचण आहे. ती झाडांच्या फांद्यांत अडकते. म्हणून बागेसाठी ती दुमडता येते. दोन पिना काढायच्या आणि मागं पाडायची. पाडल्यावर मात्र पट्टा बांधायचा नसतो, कारण आता आपल्याला वाचवणारं काही डोक्यावर उरलेलं नसतं.

ते भाद्रपदाचे दिवस होते. मी सुट्टीला गावी गेलो होतो. चार दिवस झड लागून नुकतीच उघडीप पडली होती आणि अंजिरावर तांबेरा दिसायला लागला होता. फवारणी थांबवून चालणार नव्हतं. दादानं मागं 200 लिटरचा ब्लोअर जोडला. अंजिराच्या फांद्या खाली वाकलेल्या, कमान सारखी अडकत होती. मी मागून चालत फांद्या उचलून धरत होतो. चौथ्या ओळीला दादा वैतागला. "पाड रं ती कमान," म्हणाला. पिना मीच काढल्या. त्या खिशात टाकल्या आणि मदत केल्याचा आनंद मानला.

पाचव्या ओळीच्या शेवटी मोठी ताल आहे. दादा रोजच्या सवयीनं कडेला जाऊन वळवायचा. टाकी अर्धी झाली होती. भरलेली टाकी जड असते पण जागेवर असते. अर्ध्या टाकीतलं पाणी वळताना खालच्या अंगाला धावतं, कडेवर घेतलेल्या अर्ध्या घागरीसारखं. दादानं वळवायला आणि पाणी हिंदकळायला एकच गाठ पडली. मागचं खालच्या अंगाचं चाक तालीच्या भरावावर आलं. चार दिवसांच्या पावसानं भराव नुसता लोणी झालेला. आजीनं रचलेले दगड सरकले आणि ट्रॅक्टर आधी हळूच, मग एकदम खाली गेला.

मी धावत कडेशी आलो. ट्रॅक्टर खालच्या पट्टीत पालथा, इंजिन चालूच, चाकं आभाळाकडं गरगरत होती. दादा चिखलात, डावा पाय मांडीपासून मडगार्डखाली. आणि मला इंजिन बंद कुठून करतात ते माहीत नव्हतं. मी किल्ली फिरवली. ते थांबेना. दादाला बोलता येत नव्हतं, डिझेल गळत होतं, आणि मी एकामागून एक दांडी ओढत होतो. हाकेवर वहिनी आली. तिनं एक शब्द न बोलता स्टेअरिंगखाली हात घातला, एक दांडी खेचली आणि इंजिन थांबलं. मग ती खाली बसली. माणसं जमली, पहारी आल्या, दगडांचा टेकू देत देत ट्रॅक्टर वीतभर उचलला आणि दादाला ओढून काढलं.

दादा वाचला तो चिखलामुळं. जमीन कोरडी असती तर पाय राहिला नसता, कदाचित माणूसही नाही. तीन महिने अंथरुणावर काढले, आजही चालताना डावा पाय किंचित ओढतो. त्या तीन महिन्यांत त्यानं मला एकदाही पिनांबद्दल बोल लावला नाही. संध्याकाळी पँट बदलताना त्या माझ्या खिशातून खाली पडल्या होत्या. तो खणकन आवाज अजून माझ्या कानात आहे.

पण त्या अंथरुणावर दादा विचार करत होता. उठल्यावर काठी घेऊन त्यानं पहिलं काम काय केलं, तर तिन्ही पट्ट्या पायांनी फिरला. आबांसारखा टाचेनं जमीन दाबत. तालीची उंची मोजली, आणि जिथं ताल जेवढी उंच तेवढं अंतर आत सोडून चुन्यानं रंगवलेले दगड मांडले. त्या दगडांच्या पलीकडं ट्रॅक्टर जायचा नाही. तिथली दोन झाडं काढावी लागली. घरात कुरकुर झाली. दादा म्हणाला, "झाडं परत लावता येत्यात."

मग एकेक गोष्ट बदलली. मागच्या चाकांच्या डिश उलट्या बसवून रुंदी वाढवली आणि अंजिराच्या खालच्या फांद्या छाटल्या. कमानीसाठी झाड वाकवायचं, झाडासाठी कमान नाही. पिनांना आता वेल्डिंगनं साखळी लावलेली आहे. टाकी उताराच्या बाजूला नेण्याआधी एक तर भरायची, नाहीतर संपवायची. अवजार उचलून धरून उतारावर फिरायचं नाही, जमिनीला लागेल न लागेल इतकंच वर. उतरताना वरूनच खालचा गिअर टाकायचा आणि क्लचला पाय लावायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना उतार स्वतःच पळवतो आणि मग ब्रेक पुरत नाही. दोन ब्रेकची खिट्टी बागेत वळण्यापुरती सोडायची, रस्त्याला आणि उताराला लावायचीच, नाहीतर एकच चाक धरलं जातं आणि ट्रॅक्टर फिरतो. मागं जड अवजार असेल आणि चढ उभा असेल तर उलटं, रिव्हर्समध्ये चढायचं. ट्रॅक्टर कलतोय असं वाटलं तर चाक चढाकडं नाही, उताराकडं वळवायचं. मनाला ते पटत नाही, पण तेच खरं. ओढायचं असेल ते खालच्या हुकालाच. आणि चालवणारा एकच, मडगार्डवर कुणी नाही, मग तो पाहुण्याचा लाडका नातू का असेना.

एका गोष्टीवर दादा बरेच दिवस अडला होता. आबांचं औत आडवं, कारण माती राखायची. ट्रॅक्टरला मात्र आडवा उतारच सगळ्यात वाईट, उभ्यानं वरखाली तो सुरक्षित. म्हणजे माती वाचवावी तर माणूस धोक्यात, माणूस वाचवावा तर माती ओढ्याला. यावर दादानं काढलेला मार्ग असा. ज्या दोन पट्ट्या तालींमुळं सपाट झाल्या आहेत तिथं आडवी मशागत ट्रॅक्टरनं. माळाची पट्टी अजून उताराचीच, तिथं ट्रॅक्टर अजिबात न्यायचा नाही. तिथं सीताफळ लावलं, मधलं गवत राखलं, आणि वर्षातून एकदा शेजारच्याची बैलजोडी भाड्यानं आणतो. गावातले हसतात. घरात ट्रॅक्टर असून बैल भाड्यानं. हसू देत.

फुटलेली ताल आम्ही त्याच उन्हाळ्यात परत रचली. जुने दगड शोधून शोधून लावले. मला पुण्याला परतायचं होतं, तरी दगड लावून होईपर्यंत थांबलो.

आता दादाची मुलगी ट्रॅक्टर चालवते. शेतकीची पदविका करून आली आहे, बापापेक्षा तिचा हात सफाईदार आहे. परवा गेलो तेव्हा ती फवारणीला निघाली होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता. ट्रॅक्टर विहिरीपाशी उभा करून ती खाली उतरली आणि पायांनी ओळीच्या टोकापर्यंत गेली. चुन्याच्या दगडापाशी थांबून तिनं टाच दाबली. परत येऊन म्हणाली, "काका, आज खालच्या दोन ओळी नाही करायच्या. उद्या बघू."

मग तिनं मला ट्रॅक्टरजवळ बोलावलं आणि नेहमीसारखं विचारलं, "बंद कुठनं करायचा?"

मी दांडीवर बोट ठेवलं. तेव्हा ती वर चढली, पट्टा लावला आणि ट्रॅक्टर चालू केला.